छत्री, कंदील आणि बाळंतविडा

एकदा एक गाव निवडणुकीच्या नादी लागले होते. एका उमेदवाराचे चिन्ह छत्री, दुसऱ्या उमेदवार बाईंचे कंदील. चैत्रातली दुपार होती, नदीवर ऊन तरंगत होते आणि गाव अर्ध्या झोपेत घोषणा ऐकत होते. नियम असा की, जे मंडळ राजकीय ठरेल त्याने आपल्याला पैसे देणाऱ्यांची नावे चावडीच्या भिंतीवर लिहावीत. पण राजकीय म्हणावे कशाला? हे ठरवायचे काम गावाने आचार्यांवर सोपवले, आणि आचार्यांनी ते शिष्याच्या गळ्यात घातले.

शिष्याने झटक्यात लिहिले, 'निवडणुकीत ज्याने दमडीही खर्चली, ते मंडळ राजकीय.' ही ओळ त्याला फार आवडली. घरी आईने ती ऐकली मात्र, तिचे लाडू वळणारे हात थांबले.

"अरे, मग आमचं बाळंतविडा मंडळ बुडालंच की! कंदीलवाल्या बाईंना आम्ही एक हार घातला होता. बायका घरच्यांना चोरून बाळंतिणींसाठी चिमूट चिमूट देतात रे. नावं भिंतीवर आली तर उद्या एकही फिरकायची नाही."

आणि गावातल्या एका व्यापाऱ्याची पाणपोई? ती म्हणे निव्वळ जलसेवा. रांजणांवर तेवढ्या छत्र्या रंगवलेल्या, आणि पाणी देता देता तिथला गडी हळूच म्हणे, "उन्हात छत्रीच बरी, नाही का?" 'मत द्या' असे अवाक्षर नाही. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! शिष्य रडकुंडीला आला आणि आचार्यांकडे धावला.

आचार्यांनी कागदाची छत्री कापली, छातीवर टाचली आणि थेट बायकांच्या मंडळात जाऊन उभे राहिले. शिष्य लाजेने अर्धा झाला. एवढा निःपक्षपाती माणूस, आणि हे काय आरंभले!

"छत्रीवाल्यांची सून बाळंत झाली आहे," आचार्य म्हणाले.

"मग? मूल काय चिन्ह घेऊन जन्माला आलंय?" एका म्हातारीने डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुपटे त्यांच्या हाती दिले. "उन्हाचे आलात, आधी ताक घ्या."

वाटेत आचार्यांनी डबा-दुपटे शिष्याकडे दिले, छातीवरची छत्री काढली आणि कागदाचा कंदील टाचला. पाणपोईचे रांजण काठोकाठ भरलेले होते. गड्याने कंदील पाहिला आणि झाकण ठेवले.

"पाणी संपलं, बाबा."

नदीकाठी बसून आचार्य म्हणाले, "बाळा, एकदा हार घातला म्हणून मंडळ हारासाठी जन्मले असे होत नाही. आणि 'मत द्या' हे शब्द गिळले म्हणून हेतू लपत नाही. निवडणूक मनातल्या मनात बाजूला काढून पाहा. तिथे बाळंतिणी उरतात, इथे झाकण उरते. ज्याचे मुख्य काम मत मिळवणे हेच आहे, त्याच्या पाठीशी कोण आहे ते मत देणाऱ्याला कळलेच पाहिजे. इतरांच्या चुलीत आपण डोकावू नये."

शिष्याने आपली आवडती ओळ खोडली. पाणपोईचे देणगीदार भिंतीवर लिहायला सारा कोळसा घेऊन तो गेला होता, पण लिहायचे एकच नाव निघाले: तो व्यापारीच, छत्रीवाल्या उमेदवाराचा मेहुणा.

घरी आई दारातच उभी होती. "आमची नावं?"

"नाहीत लिहिली, आई."

तिने डोळ्यांना पदर लावला. मग त्याच्या हातातल्या डब्याकडे तिचे लक्ष गेले. "आणि हा अजून तुझ्याकडेच? अरे, छत्रीवाल्यांची सून वाट बघत असेल, पळ!"