कुंदीच्या आईचा आख्खा मोदक

मुलांनो, ही गोष्ट ऐकताना तुम्हाला राग येईल. आला तर येऊ द्या, मलाही सांगताना येतो.

सोनकेळ नावाच्या हिरव्यागार गावाच्या टोकाला, सुपारीच्या बागेला खेटून, एक पिटुकली झोपडी होती. तिचं दार लावलं तरी वारा आत यायचाच. तिथे कुंदी नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. वेण्यांना बांधायला रिबिनी नव्हत्या, म्हणून कुंदी केळीच्या सोपटाचे दोरे बांधायची आणि त्यात लालचुटूक जास्वंद खोचायची. परकराला इतक्या रंगांची ठिगळं होती की मूळ रंग कोणता होता हे तिलाही आठवत नव्हतं.

कुंदीची आई द्वारका गावातल्या थोरल्या घरी मोदक करायला जायची. काय तिचे मोदक! दुधासारखी पांढरी पारी, तिच्यावर नाजूक नाजूक कळ्या, वर इवलीशी टोकदार शेंडी आणि पोटात गूळ-खोबऱ्याचं सोनेरी सारण. वाफेतून बाहेर आले की ते असे चमकायचे की पाहणाऱ्याने नुसतं बघतच राहावं.

आणि थोरल्या घरी एक नियम होता. तो मालकीणबाईंनी केला होता, आणि त्यांना तो फार दयाळू वाटायचा. आख्खा मोदक घरच्यांचा आणि पाहुण्यांचा. वाफवताना एखादा फुटला, सारण बाहेर आलं, तर तो फुटका मोदक करणाऱ्या बाईचा.

पण द्वारकेच्या हातचा मोदक कधी फुटतच नसे!

आता तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय झाला? जिचा हात चुकतो तिला गोड खायला मिळतं. जिचा हात कधीच चुकत नाही, ती दिवसभर गुळाचा वास घेते आणि घरी येऊन भाकरी-चटणी खाते. सगळ्या गावाला मोदक खाऊ घालणाऱ्या द्वारकेने जन्मात एकही मोदक खाल्ला नव्हता. चिमूटभर सारणसुद्धा नाही.

"आई, एखादा मुद्दाम फोड की," कुंदी एकदा म्हणाली.

"अगं, एवढ्या निगुतीने केलेला मोदक मुद्दाम कसा फोडू?" आई हसली. "हात धजत नाही, बाळ."

आई हसली, पण कुंदीला हसू आलं नाही. तिला असा राग आला की तो काही केल्या जाईना.

गणेशचतुर्थीच्या सकाळी आई उजाडायच्या आत थोरल्या घरी गेली. कुंदी बागेत आली. तिथे हळदीचं रान माजलं होतं. रुंद, पोपटी पानांवर दवाचे थेंब लुकलुकत होते. पिवळी फुलपाखरं भिरभिरत होती. पण कुंदीला काही गोड वाटेना. तिने पाय जोरात आपटला.

"अगं, हळू! माझं छप्पर हललं ना!"

हळदीच्या पानाखालून एक परी डोकावली. आपल्या करंगळीएवढी. अंगात हळदीच्या फुलासारखा गुलाबी-पांढरा झगा, पाठीवर सोनेरी पंख, केसांत दवाची टिकली. ती हलली की तिच्याभोवती पिवळा उजेड हलायचा, आणि सगळीकडे हळदीच्या पानांचा ओलसर, हवाहवासा वास सुटायचा.

"कुणावर रागावलीस गं एवढी?" परीने विचारलं.

कुंदीने सगळं सांगितलं. परीचे डोळे पाण्याने भरले.

"तू आईसाठी एवढी कळवळतेस, म्हणून मी तुला तीन इच्छा देते. पण दोन नियम आहेत हं. एक म्हणजे, तयार पदार्थ मागायचा नाही. आणि दुसरा, इच्छा गोड आवाजात मागायची. आवाजात राग आला की इच्छाही गेली आणि मीही गेले."

"म्हणजे आयता मोदक मिळणार नाही? राबायचं आम्हीच, आणि वर गोडही बोलायचं?"

"आवाज!" परी घाबरून म्हणाली. तिचा उजेड मिणमिणला.

कुंदीने राग गिळला. मग हात जोडून, शक्य तितक्या मऊ आवाजात तिने तांदळाची पिठी मागितली. पानावर पांढऱ्याशुभ्र, सुवासिक पिठीची इवलीशी टेकडी उभी राहिली. दुसऱ्या इच्छेत तिने नारळ आणि गूळ मागितला.

"या दोन वस्तू झाल्या," परी म्हणाली.

"सारणात एकमेकींत मिसळल्या की एकच होतात," कुंदी म्हणाली. परीला हे पटलं. नारळ आला, आणि मधाच्या रंगाचा गुळाचा खडाही आला. तिसरी इच्छा कुंदीने राखून ठेवली.

मग कुंदीच्या झोपडीत चूल पेटली. परी खिडकीत बसून पाहू लागली. कुंदीने नारळ खोवला, त्यात गूळ चिरून घातला आणि मंद आचेवर सारण परतलं. गूळ पाघळला, खोबरं सोनेरी झालं, झोपडी घमघमली. मग पाण्याला आधण आणून, चिमूटभर मीठ टाकून तिने पिठी वैरली, झाकण ठेवलं आणि वाफ आणली. उकड झाली.

उकड कढत होती. कुंदीने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. 'थंड होऊ दे, मग मळू,' ती मनाशी म्हणाली. झालं! गार उकड मळली ती कोरडी पडली. पारीच्या कडांना चिरा गेल्या, कळ्या तुटल्या. मोदक कसेबसे मिटवून तिने वाफवले, तर एकूण एक फुटले. सारण सगळीकडे पसरलं.

"फुटके का होईना, गोड आहेत ना!" परी म्हणाली. "हेच दे आईला."

"फुटके नाही!" कुंदी म्हणाली. "माझ्या आईला फुटका मोदक द्यायचा नाही."

तिने ते ताटलीत काढून बाजूला ठेवले. वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी आईच्या आधी खायचं नाही म्हणून तिने बोटसुद्धा चाटलं नाही. मग तिला आईचे तळवे आठवले. नेहमी लालबुंद. कुंदीला वाटायचं, आईचे हात आहेतच तसे. आता तिला कळलं, आई उकड कढत असतानाच मळते, म्हणून तिचा मोदक फुटत नाही. पाहुणे मोदक खाऊन वाहवा करतात, पण त्या तळव्यांकडे कुणी बघितलं होतं का? कुणीही नाही!

उरलेल्या पिठीची कुंदीने पुन्हा उकड काढली. हाताला तेल-पाणी लावून कढत असतानाच मळली. हात भाजले, डोळ्यांत पाणी आलं. खिडकीतल्या परीने आपल्या चिमुकल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. पण उकड लोण्यासारखी मऊ झाली. कुंदीने पातेल्याच्या तोंडाला फडकं बांधलं, त्यावर हळदीचं पान अंथरलं आणि मोदक पाण्यात बुडवून वर ठेवले. झाकण काढलं तेव्हा बाकीचे पुन्हा फुटले होते, पण मधोमध एक आख्खा होता. थोडा वाकडा, शेंडी एका बाजूला कललेली, पण आख्खा!

कुंदीने तो हळदीच्या पानात गुंडाळला आणि थोरल्या घराकडे धूम ठोकली. परी तिच्या वेणीतल्या जास्वंदीत लपून बसली.

थोरल्या घरी देवाचा नैवेद्य झाला होता. पंगत बसत होती. स्वयंपाकघरात द्वारका घामाने डबडबली होती, आणि तिच्यासमोर परातभर मोदक चांदण्यांसारखे चमकत होते.

"आई, हा तुझा. गरम आहे तोवर खा."

आईने पान उघडलं. मोदक तळहातावर घेतला आणि नुसती बघत राहिली. तेवढ्यात मालकीणबाई आत आल्या. त्यांच्या अंगावर जांभळी पैठणी होती.

"द्वारके, हातात काय ते? बघू. फुटलाय का?"

"नाही, बाईसाहेब. पण हा माझ्या लेकीने आमच्या घरी केलाय."

"कुठे का केला असेना. आख्खा आहे ना? आख्खा मोदक पंगतीत जातो. नियम म्हणजे नियम," असं म्हणून मालकीणबाईंनी तो द्वारकेच्या हातातून उचलला आणि परातीत ठेवून दिला.

हो, खरोखर तसं केलं! इतकं झालं तरी आईने नुसते पदराने हात पुसले आणि खाली बघितलं.

आता कुंदीचा राग उसळला. तिसरी इच्छा होती, पण गोड आवाजात मागायला हवी होती. तिने तोंड उघडलं. गोड आवाज येईना. पुन्हा प्रयत्न केला. येईना तो येईना! मग तिने प्रयत्नच सोडून दिला.

"देवाचा नैवेद्य झाला की पहिला मोदक करणाऱ्याचा!" ती ओरडली. भांडी झणझणली. "तो पोटात गेल्याशिवाय दुसरा कुणाच्या हाताने उचलला जाऊ नये! या घरात नाही, या गावात नाही, कुठेच नाही!"

मग ती भानावर आली. संपलं सगळं. रागावून मागितलं, आता इच्छा गेली आणि परीही गेली.

पण परी तिच्या वेणीतून उतरून मोदकपात्राच्या झाकणावर उभी होती. तिचे गाल लालेलाल झाले होते. कुंदीशिवाय ती कुणालाच दिसत नव्हती.

"नियमाप्रमाणे मी आता निघून जायला हवं," ती म्हणाली, "आणि जाणारच आहे. पण हा नियम ज्यांनी केला, त्यांनी कधी कढत उकड मळली नव्हती. मीही मळली नव्हती. आज तुझ्या खिडकीत बसून पाहिलं. अशा वेळी गोड बोला म्हणणारा नियम मला मान्य नाही. कुंदी, तुझी इच्छा पुरी होवो, जशी मागितलीस तश्शी!"

तिने पंख झटकले. सोनेरी उजेडाचा लोट उठला, वाफेत मिसळला, चुलीवरून, परातीवरून, आईच्या लाल तळव्यांवरून फिरला आणि खिडकीतून वर गेला. परी गेली. मागे हळदीच्या पानांचा वास राहिला.

मालकीणबाई परात उचलायला वाकल्या. परात हलेना. एक मोदक उचलायला गेल्या, तो जागचा सुटेना. पाहुणे धावत आले. एका ढेरपोट्या पाहुण्याने दोन्ही हातांनी मोदक ओढला आणि स्वतःच धप्पकन खाली बसला. दूरच्या गावाहून आलेल्या एक पाहुण्या आजी मात्र द्वारकेकडे बघत होत्या.

"हिने खाल्लाय का?" त्यांनी विचारलं.

मालकीणबाई लाजेने गोऱ्यामोऱ्या झाल्या. "द्वारकाबाई," त्या हळूच म्हणाल्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच तिला असं हाकारलं, "आधी तुम्ही घ्या."

द्वारकेने हात पुढे केला. परातीत तिचे स्वतःचे एकसारखे, देखणे मोदक होते. तिने ते ओलांडून तो वाकडा मोदक उचलला. तो फुलासारखा अलगद हातात आला. अजून त्यातून वाफ निघत होती.

तिने तो ओठांपाशी नेला आणि थांबली. तिने वरून बघितलं, खालून बघितलं, मग लेकीला जवळ घेऊन कानात विचारलं, "कुंदे, हा खातात कसा गं? आधी शेंडी मोडायची, की खालून?"

कुंदीला कुठे माहीत होतं!

ते मालकीणबाईंनी ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तुपाची वाटी घेऊन द्वारकेशेजारी जमिनीवर, पैठणीसकट, बसल्या आणि म्हणाल्या, "शेंडी मोडायची, आत तूप सोडायचं. थांबा, मी वाढते."