विरजणाचा हट्ट

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, ते सोडा.

फार पूर्वी द्वारकाक्कांच्या गाडग्यात विरजणापुरतं चमचाभर दही उरलं होतं. शेजारी दूध कोमट होऊन वाट पाहत होतं.

"आजोबा, उतरताय ना?" दुधानं विचारलं.

"छट्! तुझ्यात मिसळलो की मी मेलोच. मला अमर व्हायचंय."

"मग कालचं दही कुठं गेलं?"

"मी दूध होतो, तेव्हा माझ्यात पडलं आणि मेलं बिचारं."

"मग तुमची ही आंबट चव कुणाची?"

दही स्वतःचीच चव घेऊन बघू लागलं. मग हळूच म्हणालं, "बाळा, फार गरम नाहीस ना?" आणि दुधात उतरलं.

ते स्वतःहून उतरलं, एवढी मात्र माझी भर. खरं तर द्वारकाक्कांनी त्याला बोटानं ढकललं.