शिंपलाभर पांढरा

इसवी सन १४८७. शरद ऋतू, द्राक्षांची तोडणी नुकतीच संपलेली. इटलीतील एका नगरीत एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूच्या चित्रशाळेत घाम पुसत बसला होता. दुपारी जोगिणींच्या मठाच्या प्रमुख, मदर, येणार होत्या. रेखाटन त्यांना पसंत पडले, तर मठाच्या चर्चमधले वेदीमागचे मोठे चित्र त्याच्या हाती येणार होते. न पडले, तर बापाच्या चामडे कमावण्याच्या कुंडावर परत.

प्रसंग होता, तुझ्या पोटी देवपुत्र येणार अशी शुभवार्ता देवदूत मेरीला सांगतो तो. कागद हिरवट मातीने आधीच रंगवून घेतलेला, त्यावर तपकिरी शाईची रेषा, आणि उजेडासाठी पांढरा रंग. शिष्याने पांढरा सढळ हाताने लावला. दूताचे पंख, प्रभावळ, मेरीचे मुख, वस्त्र, काही सोडले नाही. रंग संपला, तेव्हा शेजारच्या चित्रशाळेतून, रंग ठेवायच्या शिंपल्यात, शिंपलाभर उसना आणला.

त्यात कुंचला बुडवण्याआधीच गुरू आले. क्षणभर पाहिले.

"चित्र आहे की चुना मारलेली भिंत?"

त्यांनी ओला बोळा घेतला आणि सगळा पांढरा पुसून काढला.

"गुरुजी! मदर जिन्यात आहेत!"

"गुडघे दुखतात त्यांचे. वेळ आहे."

शिष्याचा हात शिंपल्याकडे गेला. गुरूंनी शिंपला उचलून खिडकीत ठेवला. "कुंचल्याला चिकटलाय तेवढा पुरे."

"तेवढ्यात काय होणार?"

"कागद मुळात पांढराच होता. मग आपण तो रंगवला कशाला? शाईने अंधारात उतरायचं, पांढऱ्याने उजेडात चढायचं. मधलं सगळं कागदाचं. माणूस बहुतेक त्या मधल्यातच असतो. त्याला तिथे राहू दे. तुला जिथे पावित्र्य दिसलं, तिथे तू पांढरा फासलास. उजेड मानमरातब पाहून पडत नाही. खिडकीसमोर जे येईल, त्यावर पडतो."

शिष्याने पुन्हा पाहिले. दूताची तर चित्रातल्या खिडकीकडे पाठ होती! शिष्याने त्याच्या खांद्यावर एक बारीक रेघ ओढली. मेरीच्या कपाळाची कड. तिच्या उचललेल्या बोटांची टोके. कुंचला कोरडा झाला.

मदर धापा टाकत आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"पोरीला आत्ता कुठे कळतंय," मेरीच्या मुखाकडे पाहत त्या हलकेच म्हणाल्या. मग गुरूंकडे वळल्या. "वेदीचं काम यालाच द्या."

सायंकाळी शिष्य शेजारच्या चित्रशाळेत गेला आणि शिंपला आणला होता तसाच, काठोकाठ भरलेला, परत देऊन आला.