बागेतलं छोटं घर

देवळालीतला शंभर वर्षांचा बंगला चिटणीस साहेबांनी घेतला आणि तिथं थाई हॉटेल काढलं. माझे घरधनी जुन्या शेठच्या काळापासून तिथले माळी. मागच्या खोलीत आम्ही राहायचो, पदरात तीन महिन्यांची लेक.

साहेब म्हणाले, "रविवारपर्यंत खोली खाली करा. गाड्या लावायला जागा पाहिजे."

पाया पडलो, तरी ऐकेनात. लेकीला घेऊन जायचं कुठं, या घोरानं माझं दूधसुद्धा आटलं.

शनिवारी साहेब पाहुण्यांना बाग दाखवत होते. तिथं खांबावर एक सुबक लाकडी घर बसवलेलं, पुढं फुलं आणि लाल सरबत ठेवलेलं. साहेब ऐटीत सांगत होते, "थाई लोकांची रीत आहे ही. आपल्या आधी या जागेत राहणारे आत्मे बेघर व्हायला नकोत, म्हणून त्यांना घर द्यायचं."

मी लेकीला छातीशी धरून पुढं झाले. "साहेब, तुमच्या आधी तर आम्हीपण इथंच राहतोय. घर मिळायला मरावंच लागतं का?"

पाहुणे साहेबांच्या तोंडाकडे बघायला लागले. साहेब कसंनुसं हसले. "अगं, तुम्हाला कोण काढतंय?"

साहेब चारचौघांत तसं बोलले म्हणून खोली राहिली. पण पाहुणे काय, जेवून निघून गेले. अजून गेटात गाडी वाजली की मी लेकीला उचलून उभी राहते.