आंबेवणचं तिकीट

पूर्वी इंजिनं कोळशावर धावायची आणि फलाटावरची बाकडी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. एका जुन्या बाकड्याला इंजिनाचा संशय यायचा. गाडी रोज देवठाण्याला गच्च भरून जायची, मग ठकूबाई भाजीवाली पाय सुजवून का परतायची?

"मला आंबेवणच्या बाजाराला जायचं असतं," ती म्हणाली. "देवठाण्यापासून दोन कोस चालते. आम्ही सगळेच चालतो."

बाकड्याने इंजिनाला विचारलं, "आंबेवणलाही रूळ जातात, मग तू तिकडे का जात नाहीस?"

"तिकडे कोणाला जायचंय? आंबेवणचं एकही तिकीट आजवर खपलेलं नाही."

"खिडकीवर ते मिळतं का?"

इंजिनाने जोरात शिट्टी दिली. आंबेवणला जाणारे सगळे लगबगीने देवठाण्याच्या गाडीत चढले.