साच्यातली पोकळी

एका राजाचा घोडा शांत होता, पण राजाच सारखा उधळायचा. त्याला त्या घोड्याची काशाची मूर्ती हवी होती. म्हाळसा ओतारणीने मेणाचा घोडा घडवला, खुराशी आपलं नाव कोरलं आणि वर मातीचे लेप दिले. साचा तापवताच मेण वितळून वाहून गेलं. आता वितळलेल्या काशाचा रस ओतायचा, तेवढ्यात कोरलेल्या नावाची चुगली ऐकून राजा तणतणत आला.

"तांबं माझं, कथील माझं, मेण माझं, मातीसुद्धा माझ्या नदीची! यात तुझं आहेच काय?"

"मेण निघून गेलं, तिथली पोकळी तेवढी माझी, सरकार," म्हाळसा म्हणाली. "ती मी ठेवते. रस तुम्ही घेऊन जा."

राजाने हट्टाने पळीभर रस जमिनीवर ओतायला लावला. त्याचा नुसता वेडावाकडा गोळा झाला. राजा त्याच्याकडे बघतच राहिला.

"ओत बाई, तुझ्या पोकळीत," तो हळूच म्हणाला.

साचा फोडला, तर आत फुरफुरत्या नाकपुड्यांचा, मानेवरच्या शिरा तट्ट फुगलेला घोडा!

नाव खुराशी होतं. ते वाचायला राजा वाकला.