माळावरची पाहणी

माळांना कुंपणं नव्हती त्या काळी एका राजाने पक्ष्यांना एक जागा देऊ केली. तिथे कुणी जाळं लावणार नव्हतं, नांगर घालणार नव्हतं. जागा निवडायचं काम म्हाताऱ्या करकोच्याकडे आलं. पाहणीसाठी त्याने ससाण्याला सोबत घेतलं.

दोघे माळावर उतरले, तेव्हा माळढोक मादी आपल्या एकुलत्या अंड्यावर अंग चोरून बसली होती. ससाण्याला पाहताच ती गवतात आणखी दबली.

"इथे चिटपाखरूही नाही," ससाणा म्हणाला. "त्यापेक्षा तळं बरं. बदकांनी नुसतं भरलंय."

"खरंय. उजाड माळ राखून काय करायचं?" करकोचा वळला.

गप्प बसलं तर अंडं आज वाचेल, पण पुढे नांगर येईल. उठलं तर ससाण्याला अंडं दिसेल. तरी माळढोक उठली.

"करकोचेबुवा, मी इथे राहते," ती म्हणाली. "मला तळ्यावर घर करता येत नाही."

ससाण्याची नजर अंड्यावर खिळली. तेवढ्यात गवतातून टिटवी उठली, मग चंडोल, मग लाव्यांचं अख्खं कुटुंब. कुणी पुन्हा दडलं नाही.

"इतके जण आहात, मग दिसला का नाहीत?" करकोच्याने विचारलं.

"दिसलो असतो तर उरलो नसतो," टिटवी म्हणाली.

करकोच्याने सगळ्या माळावरून नजर फिरवली. मग ससाण्याला म्हणाला, "बदकांना दुसरं तळं मिळेल. यांना दुसरा माळ नाही. हीच जागा."

ससाणा उडून गेला. माळढोक अंड्यावर बसली आणि अंधार पडेपर्यंत आभाळाकडे पाहत राहिली.